बिघाडाचं कारण

सात नोव्हेंबर. केंद्रात दिव्यांच्या तारा सोल्डर करत बसले होते. आम्ही बचत गटातल्या तिघी बाया सौरदिवे जोडतो, गावोगाव विकतो, बिघडले तर दुरुस्तही करतो. शेजारच्या गावच्या मालगुजारांच्या घरून निरोप आला. दिवा बंद. तिसऱ्यांदा.

गेले. ओसरीवर पाच-सहा बाया बसलेल्या. मालगुजारीणबाईंनी दिवा पायानं माझ्याकडे सरकवला.

"घे वो. तुमच्या हातचं काई टिकते काय?"

"वरून वॉरंटी देते म्हणे!" एकजण म्हणाली. हशा.

मी पायरीवर बसून दिवा उघडला. सर्किटच्या तारांवर हिरवा गंज चढलेला. वास आला.

"बाई, याच्यावर काई सांडलं काय?"

"सांडलं नाई, शिंपडलं. गोमूत्र. देवघरात ठेवतो आमी. तुमी लोकं बनवता, मंग शुद्ध नाई करा लागत काय?"

हे सांगताना त्यांचा आवाजही खाली आला नाही.

खरं सांगते. हा वास आधी दोनदा आला होता. दोन्ही वेळी मी वॉरंटीच्या कार्डावर 'पार्ट खराब' लिहिलं आणि सर्किट बदलून दिलं. तोंड उघडायची लाज वाटली. त्यावरून गावभर झालं की बौद्धपुऱ्यातल्या बायांचे दिवे टिकत नाहीत. महिनाभर तिथं एक दिवा खपला नाही. सोबतच्या दोघी पुन्हा निंदणाला जायचं बोलू लागल्या. माझ्या लाजेपायी त्यांचा धंदा बसत होता.

कार्ड काढलं. बिघाडाचं कारण: 'बौद्ध बाईचा हात लागला म्हणून गोमूत्र शिंपडलं. सर्किट सडलं.' सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

"सही करा, बाई."

"हे काऊन लिहून राह्यली तू? कार्ड वर्ध्याले जाते ना?"

"जाते. तिथल्या ऑफिसात वाचतात."

"पाणी गेलं म्हून लिही."

"पाणी नाई गेलं."

"मंग राहू दे तुही दुरुस्ती!"

"राहू द्या."

"माजली," मागून कोणीतरी म्हणालं. मी उघडा दिवा तिथंच ठेवला आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गावच्या एसटी थांब्यावर टेबल मांडलं. लोकांनी विचारलं, मालगुजारांचा दिवा काऊन बंद पडला? सांगितलं. शब्द गिळला नाही. एका बाईला दिवा घ्यायचा होता. तिनं पदर पुढं केला.

"वरून टाक याच्यात."

"हातात घ्या. नाई तं राहू द्या."

ती निघून गेली. मी दिवा टेबलावर ठेवला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.