पगारी अकरा

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो. मी तर हजेरी घ्यावी, शिट्टी वाजवावी आणि घरी जावं एवढ्याच विचाराचा माणूस. पण जिथं एक मॅनेजर आणि तीनशे मजूर असतात, तिथं रोज एक तरी किस्सा घडतोच. वर्ष सरलं की पोतंभर जमतात. एक काढायला जावं तर चार बाहेर पडतात.

परवा एकानं विचारलं, "तुमच्या कंपनीची फुटबॉल टीम होती ना? तिची प्रगती कशी काय झाली?"

प्रगती! बसा, सांगतो. तीन वर्षं मी त्या टीमचा एकही सामना चुकवला नाही. माझ्याएवढा भक्त तिला दुसरा नव्हता आणि माझ्याएवढा मनस्तापही कोणाला झाला नाही.

* * *

साठच्या दशकात तारापूरकडं मोठं बांधकाम निघालं, त्यात आमची एक ठेकेदार कंपनी होती. रस्ते, गटारं आणि क्वार्टर्स आमच्याकडं. सरावलीला आमचं ऑफिस, आणि मी तिथं टाइमकीपर.

मॅनेजर दातारसाहेब मुंबईहून आले. त्यांनी कुठंतरी वाचलं होतं की चांगल्या कंपनीची फुटबॉल टीम असते. एका सकाळी सगळ्यांना उभं करून विचारलं, "फुटबॉल कोणाकोणाला येतो?"

एकही हात वर झाला नाही.

"खेळाडूंना दगड उचलावे लागणार नाहीत. खेळायचा पगार मिळेल. अगदी प्रोफेशनल!"

चाळीस हात वर! आमचा मुकादम लंगडा होता, त्यानंही हात वर केला.

"आणि तीन वर्षं जो टिकेल, त्याला पर्मनंटचं कार्ड," दातारसाहेब म्हणाले.

ही गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. आमच्याकडं टेम्पररी माणसाला पावसात घरी पाठवायचे, आजारी पडला तर त्याच दिवशी नाव काढायचे. पक्कं कार्ड म्हणजे काय, ते ज्याला नाही त्यालाच कळतं.

* * *

गोलकीपर झाला शिरगावचा राघो. कोळ्याचा पोर, वडिलांची होडी फुटल्यावर आमच्याकडं कामाला लागलेला. खालून फेकलेल्या विटा वर झेलण्यात त्याचा हात कोणी धरत नसे. दिवसाला हजार विटा झेलायचा, एक पडू द्यायचा नाही. दातारसाहेब म्हणाले, "झाला गोलकीपर!"

पहिला सामना पालघरच्या एका क्लबाशी. पाचव्या मिनिटाला त्यांचा बॉल सणसणत आला. राघोनं असा झेलला, असा झेलला की विचारू नका! मी टोपी उडवली.

आणि राघोनं न बघता तो बॉल मागं देऊन टाकला.

वीट झेलायची की मागच्याला द्यायची, ही त्याची सवय. मागं माणूस नव्हता, गोल होता!

त्या दिवशी राघोनं सहा बॉल झेलले आणि आम्ही सहा गोलांनी हरलो. दातारसाहेब ओरडले, तर हा म्हणतो, "साहेब, एक तरी खाली पडला काय?"

* * *

त्याच सामन्यात दुसरी गंमत. रेफरीनं फाउलची शिट्टी मारली आणि आमचे अकराच्या अकरा खेळाडू मैदान सोडून आंब्याखाली जाऊन बसले. भाकऱ्या सुटल्या. समोरचे लोक बघतच राहिले.

दोष माझा. दोन वर्षं रोज दुपारी मी शिट्टी मारायचो ती जेवणाची. रेफरी बिचारा आंब्याखाली येऊन हात जोडायला लागला. आमचा लेफ्ट विंगर नवशा बेटेगावकडचा वारली. त्यानं सरकून जागा केली आणि म्हणाला, "बसा ना. वाईच खावा."

* * *

कंपनीनं बूट मागवले. घाऊक घेतले तर स्वस्त पडतात म्हणून सगळे एकाच मापाचे, नऊ नंबर. नवशाचा पाय सहाचा. त्यानं आत गवत कोंबलं. बूट न घालणाऱ्याचा दिवस भरला जाणार नाही, असा हुकूमच होता.

पुढच्याच सामन्यात नवशानं पळत येऊन दणकून लाथ मारली. बॉल गेला उजवीकडं बाहेर, बूट गेला सरळ गोलात! त्यांचा गोली बुटावर झेपावला तरी त्याला तो सापडला नाही.

रेफरी म्हणाला, गोल नाही. दातारसाहेब तरातरा मैदानात शिरले. "का नाही? बूट कंपनीचा आहे!"

दुसऱ्या वर्षी बूट फाटले. पोरं अनवाणी खेळायला लागली आणि जिंकायला लागली. नवशा एकदा सुटला की पकडायची कोणाची टाप नव्हती. दातारसाहेबांनी हेड ऑफिसला कळवलं की हा बुटांचा गुण आहे, आणखी बूट पाठवा.

* * *

मग पाऊस लागला आणि नवशासकट पाच जण भाताच्या आवणीला डोंगराकडं गेले. दातारसाहेबांनी मेमो काढला. 'प्रोफेशनल खेळाडूंनी गैरहजेरीचं कारण लेखी द्यावं.' आणि तो मेमो घेऊन मला पाठवलं, गुडघाभर चिखलातून.

नवशानं हातातली रोपं न सोडता मेमो ऐकला. मग म्हणाला, "साहेबाला सांगा, बॉल महिनाभर पडून ऱ्हायला तरी सडत नाय. रोप सडतं."

मी परत येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. दातारसाहेबांनी माझाच अर्धा दिवस कापला.

* * *

आता राघोचं लग्न. पोरगी ठरली होती धर्मा नाखव्याची. राघोला ती आवडायची आणि तिलाही तो. सगळं जुळलेलं, फक्त सासरा जुळत नव्हता. नाखवा एकदा प्रॅक्टिस बघायला आला. अर्धा तास कमरेवर हात ठेवून उभा. शेवटी मला विचारलं, "याचा पगार देतात?"

"देतात."

"पक्का?"

"अजून टेम्पररी."

"मंग टेम्पररी मानसाला मी पर्मनंट पोरगी देऊ काय?" असं म्हणून नाखवा चालता झाला.

अशी तीन वर्षं भरत आली, तरी कार्डाचं नाव नाही. पोरीला सातपाटीचं दुसरं स्थळ आलं. नाखव्यानं निरोप धाडला, "या मोसमात कार्ड नाय झालं, तर आमी तिकडं सुपारी फोडतो." राघोची झोप उडाली. विटा झेलणारा गडी, पण त्या आठवड्यात त्याच्या हातातून चहाचा कप सुटला.

* * *

तर प्रगती. पहिल्या वर्षी आम्ही हरायचो, कारण खेळ येत नव्हता. दुसऱ्या वर्षी जिंकायला लागलो. आणि तिसऱ्या वर्षी साहेबांच्या हुकमानं हरायला शिकलो. याला म्हणतात प्रोफेशनल!

झालं असं की वरचे एक बडे साहेब पाहणीला आले. पुढचं काम आमच्या कंपनीला द्यायचं की नाही, हे त्यांच्या हातात. साहेबांना फुटबॉलचा शौक. शौक मोठा, पोट त्याहून मोठं. लगेच सामना ठरला. अधिकाऱ्यांची टीम विरुद्ध आमची, शिरगावच्या किनाऱ्यावर, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या घट्ट वाळूवर. गोलाला बांबू रोवले. बडे साहेब सेंटर फॉरवर्ड. रेफरी मी, कारण शिट्टी माझ्याकडं.

दातारसाहेबांनी राघोला बाजूला घेतलं. खिशातून कार्ड काढून दाखवलं, सहीशिक्क्यासकट. "आज बड्या साहेबांचा एक गोल खायचा. एकच! खाल्लास की हे तुझं." मग माझ्याकडं वळले, "आणि साहेबांचा गोल होईपर्यंत शिट्टी मारायची नाही."

मी मान डोलावली. लाज वाटली, पण डोलावली. मला तरी कुठं दुसरी नोकरी होती!

सामना सुरू झाला. आमच्या पोरांनी बॉल नेऊन नेऊन साहेबांच्या पायाशी ठेवला. साहेबांनी पहिला मारला तो मासळी सुकवणाऱ्या बायकांत गेला. दुसरा समुद्रात. तिसऱ्याला राघो मुद्दाम उजवीकडं आडवा पडला, आणि बॉल नेमका उजवीकडं येऊन त्याच्या पाठीवर आपटून परत गेला. सगळं गाव ओरडलं, "वा रे राघो!" राघो रडायच्या बेतात. चौथ्या वेळी तो गोल सोडून सरळ पाणी प्यायला गेला. बॉल बांबूला लागला!

दीड तास झाला. दोन झाले. भरती लागली. पाणी कोपऱ्यातल्या निशाणापर्यंत आलं, सूर्य खाली गेला, आणि माझी शिट्टी आपली हातातच. धर्मा नाखवा लेकीला घेऊन वाळूवर उभा होता, कमरेवर हात. बडे साहेब भात्यासारखे फुसफुसत होते. दातारसाहेब माझ्या कानाशी कुजबुजले, "पेनल्टी दे! काहीही कर!"

नवशानं ते ऐकलं. त्यानं आमच्याच गोलापुढं पडलेला बॉल दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्या नाकासमोर धरला. "हात लागला. दे."

दिली पेनल्टी.

राघो एका बांबूला चिकटून उभा राहिला. सगळा गोल मोकळा, बैलगाडी जाईल एवढा! बडे साहेब धावत आले, धापा टाकत त्यांनी लाथ मारली आणि तिथंच वाळूत बसले. बॉल निघाला. हळूहळू, ओल्या वाळूतून, सरळ गोलाकडं. आणि गोलाच्या अलीकडं दोन हातांवर बॉल थांबला.

कोणी हलेना. लाट येऊन बॉलाला शिवून गेली, तरी तो तिथंच.

राघोनं बॉलाकडं पाहिलं. नाखव्याकडं पाहिलं. पोरीकडं पाहिलं. मग वळला, एक बांबू उपटला, दुसरा उपटला, दोन्ही खांद्यावर टाकून बॉल ओलांडून अलीकडं, बड्या साहेबांच्या बाजूला आला आणि तिथं पुन्हा खोल रोवले. पक्के बसलेत ना, हलवूनही पाहिलं.

"मासा जाल्यात येत नाय, साहेब," तो बड्या साहेबांना म्हणाला, "तर जालं माशाकडं न्यावं लागतं."

आणि दातारसाहेबांच्या पुढं जाऊन त्यानं हात पसरला. "कार्ड."

मी शिट्टी मारली.