गजाने न रंगवलेलं चाक

गजा गेल्याचं त्याच्या मुलीने फोनवर सांगितलं, तेव्हा मी भट्टी तापायची वाट बघत होतो. हार्ट अटॅक… झोपेतच. मी भट्टी बंद केली. दीड महिना झाला. पूर्णा गावातल्या आमच्या शेडमध्ये आता मी एकटाच असतो आणि मला ते अजिबात झेपत नाही.

पावडर कोटिंग आम्ही दोघांनी मिळून सुरू केलं. मी धातूवर रंगाची पावडर मारायचो, तो ती भट्टीत तापवून पक्की करायचा. सुरुवातीला खिडक्यांच्या फ्रेमा, ग्रिलं. दोन हजार सालानंतर गावच्या शेतांवर गोदामं उठली, पैसा आला, घरोघरी गाड्या आल्या आणि लोक अलॉय व्हील, म्हणजे गाडीची अॅल्युमिनियमची चाकं, रंगवायला आणू लागले. जुना रंग उतरवला की गजा चाक उन्हात धरून असं बघायचा, जणू पोराच्या डोक्यातल्या उवा शोधतोय. अॅल्युमिनियम भट्टीत जास्त तापलं की नरम पडतं आणि वरचा चकचकीत थर तडा झाकून टाकतो, हे तो इतकं घोळवून सांगायचा की निम्मी गिऱ्हाइकं पळायची. मी जाम वैतागायचो.

एकदा त्याचा थोरला भाऊ दत्तूदादा आला. अंबाडीच्या रस्त्यावर खड्ड्यात आपटून तडकलेलं चाक त्याने वेल्डिंग करून आणलं होतं. सोनेरी रंग हवा होता.

"दादा, ह्यो चाक मी भट्टीन न्हाय टाकनार."

"अरं, रंग लावाचा हाय, चाकाचा लगीन न्हाय! दुसरा कोनी लावल."

दादा चाक उचलायला वाकला. गजाने ग्राइंडर घेतला आणि त्याच्यादेखत चाक आरपार कापलं. दादा तुकडे तिथेच टाकून निघून गेला. एका ताटात जेवलेले भाऊ… पुढे दिवाळीला नाही, गजाच्या मुलीच्या लग्नालाही नाही. गजा आतून तुटला होता. मी विषय काढला की एवढंच म्हणायचा, "त्यो जिता हाय ना? मंग झाला."

दहाव्याला दादा आला. त्याच गाडीने. लांबच उभा राहिला. गाडीला चारही साधी, काळी लोखंडी चाकं होती. मी बघतोय हे त्याच्या लक्षात आलं.

"त्याच दिशी चारी बदलली," तो म्हणाला. "त्याला सांगाचा रायला…"

दुसऱ्या दिवशी मी शेड उघडली, भट्टी लावली आणि गजाच्या रिकाम्या स्टुलाकडे बघून म्हणालो, "गजा, दादाने चारही चाकं तेव्हाच बदलली होती रे." भट्टीच्या पंख्याचा आवाज फार होता. मी पुन्हा एकदा, जरा मोठ्याने सांगितलं.