चार खुणा

आई गेल्यावर तिची चार पुस्तकं वाचनालयात परत करायला गेले. एक कौटुंबिक कादंबरी, एक भुताच्या प्रेमात पडलेल्या मुलीची गोष्ट, एक ख्यालगायकीवरचं, एक फ्रेंच सिनेमावरचं. आई चारही एकदम वाचायची. खुणेला गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचे तुकडे.

वाचनालयातल्या बाई परत आलेलं प्रत्येक पुस्तक उलटं धरून झटकतात, कुणाचं काही आत राहू नये म्हणून. मला सुचेपर्यंत चारही तुकडे टेबलावर पडले होते.

"अगं बाई! कुठल्या पानांवर होते गं?"

गोष्टींचं पुढे काय झालं ते वाचून कळेल. आई कुठवर आली होती, ते कुठे वाचायचं?

बाईंनी तुकडे माझ्या हातावर ठेवले. सगळे रिकामे. एकही गोळी तिने चुकवली नव्हती.