मॅडमची पंधरावी गोळी

मॅडम गोळी झाडल्यावर टार्गेटकडे बघत नसत. आम्ही बाकीचे चाप ओढला रे ओढला की माना उंचावून, दुर्बिणीला डोळे लावून कुठं लागली ते शोधत बसायचो. मॅडम रायफलीवरचा गाल न हलवता शांतपणे सांगायच्या, "नऊ. उजवीकडे, किंचित खाली." मग सहाशे मीटरवर खंदकात बसलेली माणसं टार्गेट खाली ओढून घ्यायची, भोकात रंगीत चकती अडकवून पुन्हा वर करायची, आणि चकती बरोबर नवाच्या वर्तुळात, उजवीकडे, किंचित खाली दिसायची. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला खरोखरच वाटलं, की बाईंचं खंदकातल्या कुणाशी तरी साटंलोटं असणार.

"आधी सांग, मग बघ," हे त्यांचं नेहमीचं. "चाप ओढताना तू काय केलंस ते तुला माहीत असतं रे. टार्गेट फक्त हो म्हणतं." जो आधी सांगणार नाही, त्याला पुढची गोळी झाडू द्यायच्या नाहीत. सरावाला आलेला एखादा जाडजूड इंग्रज गृहस्थही मग वाळूत पालथा पडून, शाळेत पाढे म्हणावेत तसा, "एट, लेफ्ट, मॅडम," असं पुटपुटायचा. आमच्या नेमबाजीच्या क्लबात कुठल्या कुठल्या देशांची माणसं होती, पण सगळ्यांच्या मॅडम एकच. आडनाव काय, हे निम्म्यांना ठाऊक नव्हतं.

घरीही तोच खाक्या. दोह्यातल्या बिन महमूद भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर जेवायला बसलं, की ताट पुढं आल्या आल्या त्या म्हणायच्या, "पिठल्यात मीठ कमी पडलंय." स्वयंपाक विश्वासरावांचा, म्हणजे त्यांच्या यजमानांचा. ते निवृत्त होऊन बायकोच्या नोकरीवर कतारात सुखानं राहणारे गृहस्थ. घास घ्यावा तर मीठ खरोखरच कमी. विश्वासराव माझ्याकडे वळून म्हणायचे, "तीस वर्षं झाली, एकदा तरी चुकावी की नाही हिनं? मला मेलं मनासारखं भांडताच आलं नाही."

माझी भरती गणपतीत झाली. मी पुण्याहून दोन वर्षांच्या, पुढं वाढतच गेलेल्या, कॉन्ट्रॅक्टवर आलेला, ओळखपाळख काही नाही, म्हणून इथल्या मराठी मंडळाच्या आरतीला गेलो होतो. प्रसाद वाटता वाटता एका ठेंगण्या, चष्मेवाल्या बाईंनी विचारलं, "शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, काय करतोस?" मी म्हटलं, "झोपतो." "मग साडेपाचला खाली उभा राहा." मला वाटलं, योगासनं असतील. पोचलो तो उम्म सलाल मोहम्मद गावाच्याही पुढं, वाळवंटातल्या रेंजवर. नाशिकला कॉलेजात असताना त्या एन.सी.सी.त नेम धरायला शिकल्या होत्या. इथं गॅसच्या प्रकल्पात पाइपांच्या वेल्डिंगची तपासणी करायच्या. पन्नाशी उलटलेली ही बाई पोटावर झोपून, श्वास अर्धा सोडून, सहाशे मीटरवरच्या काळ्या गोळ्यात एकामागून एक नेमक्या गोळ्या घालताना पाहिली, आणि माझी शुक्रवारची झोप कायमची गेली.

वर्षातून एकदा, थंडीत, क्लबाची मोठी मॅच व्हायची. प्रत्येकी पंधरा गोळ्या. ती भरवायच्या मॅडम, म्हणजे आदल्या महिनाभर आम्हा सगळ्यांना कामाला लावायच्या. नावं आणि ओळखपत्रांच्या प्रती जमा करायच्या, परवानगीसाठी खेटे घालायचे. रायफली क्लबाच्या कुलपातल्या, त्या सकाळी मोजून घ्यायच्या आणि दुपारी मोजून द्यायच्या. काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्याही एकूण एक परत. एकदा एक पुंगळी कमी भरली, तर आम्ही दहा जण भर उन्हात गुडघ्यांवर वाळू चाळत होतो, आणि मॅडम मागून म्हणत होत्या, "यल्ला, यल्ला, हात चालवा, सोन्याची अंगठी हरवली असती तर असे शोधले असतात का?" ती शेवटी माझ्याच पँटच्या दुमडीत सापडली. तो विषय त्यांनी पुढं तीन वर्षं पुरवला.

टार्गेटचे कागद चौकटींवर चिकटवायला खळ लागायची. ती विश्वासराव घरीच मोठ्या पातेल्यात मैद्याची शिजवायचे, मोरचूद घालून, गुठळी होऊ न देता. एकदा शेजारच्या लखनौच्या वहिनी वास घेत आल्या आणि म्हणाल्या, "भाईसाब, आज हलवा?" कागदाला एक सुरकुती राहिली तरी मॅडम तो फाडून पुन्हा लावायला सांगायच्या. मी म्हणायचो, "मॅडम, सहाशे मीटरवरून सुरकुती कुणाला दिसतेय?" त्या म्हणायच्या, "मला दिसतेय ना. इथून दिसतेय."

पण मॅचमध्ये त्या स्वतः कधीच उतरल्या नाहीत. नऊ वर्षं मॅच भरवली आणि एकही गोळी झाडली नाही. कारण साधं होतं. सकाळी पहिल्या पाळीला वारा पडलेला असतो. दहा वाजले की वारा उठतो, जमीन तापते, आणि रायफलीवरच्या भिंगातून पाहिलं तर मृगजळात टार्गेट पाण्यातल्यासारखं हलायला लागतं. कोण कुठल्या पाळीला, हे ठरवणाऱ्यानं खेळायचं नाही. "वाढणाऱ्यानं पंगतीत बसू नये," त्या म्हणायच्या. "बसला की हात आपोआप स्वतःच्या पानाकडं जातो." आम्ही फार आग्रह केला की, "बघू रे पुढच्या वर्षी, इन्शाल्ला," म्हणून उडवून लावायच्या. त्यांना खेळायचं नव्हतं असं मात्र नाही. मॅच चालू असताना त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट मांडीवर हळूच मुडपलेलं मी पुष्कळदा पाहिलंय.

आणि नियम म्हणजे नियम. शेजारच्याच्या टार्गेटवर गोळी मारलीत तर शून्य, मग ती मधोमध का लागेना. एका वर्षी अबू सालेमनी, म्हणजे क्लबाच्या कमिटीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या कतारी गृहस्थांनी, शेजारच्या टार्गेटवर सुरेख दहा मारला. मॅडमनी त्यांच्यासमोर कार्डावर शून्य घातलं आणि सही करायला पेन पुढं केलं. अबू सालेमनी क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं, सही केली, आणि जाताना मला म्हणाले, "युवर मॅडम, व्हेरी हार्ड." त्यांना राग आला होता का, कौतुक वाटलं होतं, ते मला आजही कळलेलं नाही.

मग मॅडमचा प्रकल्प संपला. कतारात नोकरी संपली की मुक्काम संपतो, त्यात कुणाचं काही चालत नाही. मॅचनंतर दोन आठवड्यांत त्यांना निघायचं होतं. त्या वर्षी मी जोरात होतो. आदल्या वर्षीचा दुसरा नंबर, यंदा पहिला येणार असं लोक तोंडावर म्हणायचे. पण मी मॅडमच्या घरी जाऊन सांगितलं, "यंदा मॅच मी भरवतो. तुम्ही खेळा." त्या म्हणाल्या, "चिठ्ठ्या माझ्यासमोर काढायच्या. मला पहिली पाळी देशील तू, मी तुला ओळखते." खरं होतं, मी तेच ठरवलं होतं. चिठ्ठ्या काढल्या, आणि मॅडमच्या नशिबी आली शेवटची पाळी. टार्गेट सात नंबर.

त्या दिवशी दहाच्याही आधी वारा सुटला. झेंडे कधी डावीकडं फडफडायचे, कधी एकदम गळून पडायचे. चांगल्या चांगल्यांचे सहा आणि सात येत होते. मॅडम मात्र प्रत्येक गोळीला आधी सांगत होत्या आणि खंदकातून तसंच वर येत होतं. दहा, दहा, नऊ, दहा. चौदा गोळ्या झाल्या तेव्हा हिशेब असा होता, की पंधराव्या गोळीला आठ मिळाले तरी पहिला नंबर. विश्वासराव उपम्याचा डबा छातीशी धरून मागं उभे होते. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण आमचे चेहरे कळत होते.

पंधराव्या गोळीला वारा उलटला. मॅडमनी गाल उचलला, चष्मा पुसला, वाट पाहिली. वेळ संपत आली होती. झेंडे पडले तसा त्यांनी पुन्हा गाल टेकवला आणि चाप ओढला. "दहा," त्या म्हणाल्या. "मधोमध."

सात नंबरचं टार्गेट खाली गेलं आणि तसंच कोरं वर आलं. गोळी लागलेलीच नाही, अशी खूण झाली. आणि शेजारचं, आठ नंबरचं टार्गेट खाली गेलं. आठ नंबरवाला कुरियन आपल्या पंधराही गोळ्या संपवून केव्हाचा मागं बसला होता. ते टार्गेट वर आलं तेव्हा चकती मधोमध होती. भिंगातून टार्गेटचा आकडा दिसत नाही, नुसता काळा गोळा दिसतो, आणि गोळे सगळे सारखे. चष्मा पुसून पुन्हा टेकताना रायफल केसभर सरकली होती, एवढंच.

कुरियन धावत आला. "सर, दे दो ना मॅडम को. मेरा टार्गेट है, मुझे कोई प्रॉब्लेम नहीं." अबू सालेमही पुढं आले. "लास्ट डे, माय सन. गिव्ह हर. खलास." गुण मांडणाऱ्याच्या हातून मी कार्ड घेतलं. मॅडम अजून वाळूत पालथ्याच होत्या. त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं, आणि एरवी कधी न ऐकलेल्या बारीक आवाजात विचारलं, "पराग, दहाच होता ना रे?"

मी कार्डावर पेन्सिल टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. माझ्या आईनं माझ्याकडं कधी काही मागितलं असतं तर तिचा आवाज असाच आला असता.

"दहाच होता, मॅडम," मी म्हटलं. "आठ नंबरवर."

कार्डावर शून्य पडलं. त्यांनी सही केली, पुंगळ्या मोजून दिल्या, रायफल मोकळी करून दाखवली. नंबर पाचवा आला. बक्षीस समारंभाला त्यांनी सगळ्यांसाठी टाळ्या वाजवल्या, आणि माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. त्यानंतरचे दोन आठवडेही नाहीत. मी फोन केला की विश्वासराव उचलायचे आणि उगाच दोह्याच्या हवेबद्दल बोलायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. या बाईनं मला या देशात घर दिलं होतं, आणि तिनं एकदाच काही मागितलं तर मी नियम दाखवला.

विमानतळावर सोडायला मात्र मीच गेलो. विश्वासरावांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. गाडीत मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. विश्वासराव ट्रॉली आणायला उतरले तेव्हा त्या समोर बघत म्हणाल्या, "तो दहा दिला असतास ना, तर घेतला असता मी."

मी गाडी बंद केली.

"तुझा नाही राग आला रे. नऊ वर्षं लोकांना शून्य घालताना मला कधी काही वाटलं नाही. अबू सालेमना घातलं, तेव्हा तर बरंच वाटलं. आणि माझ्यावर आलं तेव्हा मी तुला तसं विचारलं. पोराच्या वयाचा तू. मला विचारायला नको होतं. ते आठवतं, आणि तुझ्याशी बोलायला तोंड राहत नाही."

मला ते ऐकवेना. "मॅडम," मी म्हटलं, "कार्ड हातात घेतल्यावर मी आधी दहा लिहिला होता. पेन्सिलीनं. मग खोडला."

त्या गर्रकन माझ्याकडं वळल्या. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण त्या हसायलाच लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसताहेत की रडताहेत ते विश्वासरावांनाही कळेना, ते ट्रॉली धरून तसेच उभे. मग मॅडमनी पदरानं डोळे पुसले, माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाल्या, "मॅच आता तूच भरवायचीस. आणि पेन्सिल नेत जाऊ नकोस. पेन ने."

तेव्हापासून दर थंडीत मॅच मी भरवतो, आणि खेळत नाही. कार्ड पेनानं लिहितो. शून्य घालायचं असलं, की आधी तोंडानं सांगतो, मग लिहितो.