डोंगराच्या पार जाणाऱ्या पोरी

बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून स्टुडिओचं दार घट्ट लावून घेतात. त्यामुळे आतलंही बाहेर जात नाही आणि किस्से साठत राहतात. आमच्या केडगावच्या स्टुडिओत इतके साठलेत की आता दार थोडं उघडावंच लागेल.

स्टुडिओ म्हणजे आधीचं सिमेंटचं गोडाऊन. भिंतींना गाद्या ठोकल्यात. मालक दत्तूशेठ, रेकॉर्डिंग करणारे पण तेच. मुंबईची एक कंपनी परदेशी कार्टून सिनेमे पाठवते, आम्ही ते मराठी करून देतो. मी शाळेत मराठी शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी कार्टूनच्या ओठांच्या मापाने गाणी लिहितो. नायिकांची सगळी गाणी वैशाली गाते.

वैशाली देवळाली प्रवऱ्याची. लहानपणी वडिलांच्या गायन पार्टीत जयंतीच्या कार्यक्रमांत गायची. लग्न होऊन केडगावला आली आणि सहा वर्षं गाणं बंद. नवरा टेम्पोवर, घरात सासूचं राज्य. सासूच्या विनवण्या करून तिनं आठवड्यातले दोन दिवस मिळवले होते. "सर, हे दोन दिवस गेले ना, तर मी गात होते हे मलाच खरं वाटायचं नाही," असं ती म्हणायची. ते दोन दिवस टिकवणं हे मग आम्हा तिघांचंच काम होऊन बसलं.

*

माझा स्वभाव संशयी. दूधवाला हसून बोलला की मी त्या दिवशी दूध जरा निरखून बघतो. तर तिसरा सिनेमा आला तेव्हा मला शंका आली. मी कंपनीच्या मॅडमना फोन लावला.

"मॅडम, तुम्ही मागचाच सिनेमा परत पाठवलाय."

"नाही सर, मागची खार होती. ही राजकन्या आहे."

"पण बाराव्या मिनिटाला ही पण उंचावर चढून गातेय, मला इथं करमत नाही म्हणून."

मॅडम म्हणाल्या, "सर, बाराव्या मिनिटाला सगळ्यांनाच करमत नाही."

*

तेव्हापासून मी घड्याळ लावून बसायला लागलो. बाराव्या मिनिटाला नायिकेला घर सोडायचं असतं. विसाव्याला तिचा लठ्ठ मित्र उड्या मारत गातो की काळजी करू नको. चाळिसाव्याला दुष्ट माणूस धुरात उभा राहून आपला सगळा बेत गाण्यात सांगून टाकतो. मला हे कधीच पटलं नाही. एवढा हुशार माणूस, आणि बेत गाऊन दाखवतो? दत्तूशेठ म्हणाले, "सर, आपल्याकडं पण दाखवतात. फक्त चाल नसते."

दत्तूशेठना मात्र या सगळ्याचा फायदा झाला. दुष्टाचं गाणं सुरू झालं की ते समोरच्या टपरीवर चहा सांगायचे, गाणं संपेपर्यंत चहा हजर. पुढं पुढं सांगायचीही गरज उरली नाही, दुष्टाचं गडगडाटी हसणं तेवढं गाद्यांतूनही टपरीपर्यंत जायचं. एकदा रेकॉर्डिंग नव्हतं, दत्तूशेठ फोनवर मेव्हण्याशी बोलताना जोरात हसले. पाच मिनिटांत टपरीवाला चार कटिंग घेऊन दारात उभा.

*

आता माझं पाप सांगतो. नायिका गाण्याच्या शेवटी तोंड भलंमोठं उघडते. तिथं मराठीत काय बसतं? "जाणार". म्हणून पहिल्या सिनेमात मी लिहिलं, "जाणार मी, डोंगराच्या पार". दुसऱ्यातही तेच बसलं. चौथ्या सिनेमापर्यंत चौघीही डोंगराच्या पार चालल्या होत्या, आणि कंपनीला पत्ता नव्हता. उलट दर वेळी मॅडम लिहायच्या, "सुंदर, अगदी वेगळं."

मला संशय आला की ह्या ऐकतच नाहीत. मी परीक्षा घ्यायची ठरवली. पुढच्या राजकन्येसाठी खारीचंच गाणं जसंच्या तसं पाठवलं, त्यात "झुबकेदार माझी शेपूट" ही ओळ तशीच ठेवून. संध्याकाळी उत्तर आलं, "फार छान सर, भावना पोचतात."

"भावना पोचल्यात," दत्तूशेठ म्हणाले, "आता शेपूट पोचायच्या आत काढा."

*

वैशाली सराव घरी करायची. दुसरीकडं वेळ कुठला? सकाळी चुलीपुढं, भाकरी थापता थापता. आणि ऐकायला घरात एकच माणूस, तिच्या सासूबाई. सोजराबाई.

सोजराबाई पाथर्डीकडच्या. वीसेक वर्षं ऊसतोडीला गेलेल्या, दिवाळी झाली की ट्रकमध्ये संसार भरायचा आणि उन्हाळ्यात परत यायचं. आता गुडघ्यांनी बसवलंय. त्यांनी काय ऐकलं असेल विचार करा. सून रोज सकाळी म्हणतेय, चार भिंतींत जीव रमत नाही. रोज म्हणतेय, जाणार मी, डोंगराच्या पार. आणि एखादा दिवस नव्हे, दीड वर्ष!

आधी त्यांनी कपाटावरची बॅग काढून स्वतःच्या खाटेखाली ठेवली. मग वैशालीच्या चपला रात्री उंबऱ्याच्या आत यायला लागल्या. मग शेजारणीला विचारलं, केडगावातून डोंगराकडं कुठली गाडी जाते. वैशालीला यातलं काहीच समजत नव्हतं. तिला वाटायचं, आत्याबाईंना हल्ली विसरायला होतंय.

एका रविवारी वैशाली आली ती रडतच. "सर, संपलं. आत्याबाई म्हणाल्या, उद्यापासून जायाचं न्हाई. कारण सांगत नाहीत. नुसतं म्हणतात, मला समदं कळतंय."

ती रडत होती आणि हेडफोन तसेच हातात धरून ठेवले होते. दत्तूशेठ म्हणाले, "त्यांनाच घेऊन या. एकदा बघू द्यात, इथं काय चालतं ते."

*

सोजराबाई आल्या. पदर खोचून, सगळ्या गाद्या हातानं दाबून बघत. बाथरूमचं दारसुद्धा उघडून बघितलं. मग खुर्चीवर बसल्या. आम्ही खारीचा सिनेमा लावला. बारावं मिनिट आलं, खार झाडाच्या शेंड्यावर चढली आणि वैशालीच्या आवाजात गायला लागली.

सोजराबाईंनी एकदा पडद्याकडं बघितलं, एकदा सुनेकडं. "ही म्हन्ती व्हय हे? खार?"

"हो आत्याबाई. मी फक्त आवाज देते."

"आन मग ही जाती का?"

"जाते," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा परत कडक झाला. त्या तशाच बसून राहिल्या, शेवटापर्यंत. शेवटी खार घरी येते, आईच्या गळ्यात पडते आणि पुन्हा तेच गाणं लागतं. चाल तीच, ढोल जास्त. मी फक्त शब्द बदललेले असतात, "आले मी, उघड ना दार".

सोजराबाई उठून उभ्या राहिल्या. "मास्तर, म्हंजी ती परत येती?"

"सगळ्या येतात, आजी. प्रत्येक सिनेमात."

त्या सुनेकडं वळल्या. "मग हे घरी का न्हाई म्हनत तू? नुसतं जायाचंच म्हनती दीड वरीस!"

वैशालीला हसावं की रडावं कळेना. "आत्याबाई, त्याचा सराव लागत नाही. चाल तीच असते ना."

"लागू दे न्हाईतर न लागू दे," सोजराबाई म्हणाल्या. "जायाचं म्हनलं का मागनं यायाचं पन म्हनायचं."

दोन दिवस परत मिळाले, या एका अटीवर. आणि दुसरी अट, प्रत्येक सिनेमाचा शेवट त्या स्वतः येऊन बघणार. पोरगी परत आली की नाही याची खात्री करून घेणार. माझ्यापेक्षा संशयी माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

*

यंदा जो सिनेमा आला त्याचा शेवट बघून मी घाबरलो. मोठ्या पतंगाला धरून एक मुलगी घर सोडते, आणि सिनेमा संपतो तेव्हा ती अजून उडतेच आहे. खाली घर ठिपक्याएवढं. मी मॅडमना फोन लावला.

"मॅडम, फाईल अर्धी आलीय. पोरगी परत यायची राहिलीय."

"नाही सर, पूर्ण आहे. ही परत येत नाही."

दर वेळी तेच तेच म्हणून मी नावं ठेवत होतो, आणि आता तेच हवं होतं. शेवटी म्हटलं, पोरगी लांब आहे, ओठ कुणाला दिसतायत? मी लिहून टाकलं, "आले मी, उघड ना दार". वैशालीनं मान खाली घालून गायलं.

शनिवारी सोजराबाई आल्या. चष्मा पुसून बसल्या. शेवट आला. गाणं म्हणत होतं आले मी, आणि पतंग लांब लांब जात होता. पडदा काळा झाला.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "गानं खोटं हाय."

त्यांनी पडद्याकडं बोट केलं.

"ती म्हन्ती आले, आन घर तर मागं ऱ्हायलं. येत न्हाई ना ती?"

"नाही," मी म्हटलं. वैशाली माझ्याकडं बघतच नव्हती. दत्तूशेठ उगाच वायर गुंडाळत होते.

सोजराबाई उठून काळ्या पडद्यापाशी गेल्या. मग विचारलं, "तिकडं बरं हाय का तिचं?"

"बरं आहे, आजी."

"मंग जाऊ द्या की तिला," त्या म्हणाल्या. "वैशाली, ऊठ. खरं हाय ते म्हन."