तोफ बघायला नेलेली नात

रमजानात सूर्य मावळला की इथे तोफ डागतात. रोजा सोडायची वेळ झाली एवढाच त्याचा अर्थ. दुबईत सिलिकॉन ओएसिसला मुलाच्या घरी राहायला आल्यापासून मी दरवर्षी बघते. लहान मुलांना घेऊन लोक मशिदीच्या मैदानात जमतात, कानांवर हात ठेवतात आणि हसतात.

यंदा मार्चच्या सुट्टीत अमेरिकेहून मुलगी आली, सोबत सात वर्षांची नात. मुलगा म्हणाला, "चला, भाचीला तोफ दाखवू." कोणाच्याच मनात काही आलं नाही. मुलगी तेवढ्यात फोनवर बोलत मागे राहिली होती.

तोफ उडाली. धूर विरला, लोकांनी खजूर तोंडात टाकले आणि माझ्या शेजारी नात नव्हती.

आम्ही हाका मारल्या. मुलगा पोलिसाकडे धावला. मी बायकांच्या संडासाकडे गेले, कारण तेवढंच जवळ होतं. एक दार आतून बंद होतं. खालच्या फटीतून पाय दिसत नव्हते. मी दार ठोकलं. "अगं, मी आजी." आत श्वासाचासुद्धा आवाज नाही.

मुलगी आली, तिने माझा हात धरला. "आई, ठोकू नकोस. ती ओ देणार नाही. शाळेत कोणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं ते शिकवलंय, लपायचं आणि ओळखीचा आवाज आला तरी गप्प राहायचं. दार मोठ्या माणसांनी बाहेरून उघडायचं."

"आणि हे तू मला आज सांगतेस?"

तिथल्या सफाईवालीने खाचेत नाणं घालून बाहेरून कडी फिरवली. नात कमोडवर पाय वर घेऊन बसली होती. स्वतःचाच हात तोंडावर गच्च दाबलेला. हात सोडवायला वेळ लागला.

गाडीत मुलगा तिला म्हणाला, "अगं, तोफेत गोळा नसतो. नुसती दारू असते."

"आय नो, मामा," ती म्हणाली. तिला माहीत होतं. पाय तरी पळालेच.

ती झोपल्यावर दोघा भावंडांची जुंपली. मुलगी तिकडे लहान मुलांच्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. म्हणाली, "लस द्यायला मूल आणलं की आम्ही आईबापांना विचारतो, घरात बंदूक आहे का, कुलपात असते का, गोळ्या वेगळ्या ठेवता का. काही जण चिडून उठून जातात."

"चिडतीलच. तू नर्स आहेस का हवालदार? गुन्हा पोलिसांनी बघायचा."

"पोलीस गोळी सुटल्यावर येतात, दादा. आमच्याकडे ती मुलं स्ट्रेचरवर येतात. मग तो आजार नाही तर काय?"

मी चौथी शिकलेली. पण माझ्या लहानपणी देवी काढायला माणूस घरोघर यायचा, ते मला आठवतं. लोक त्याच्या अंगावर कुत्री सोडायचे. तो पुन्हा यायचा. देवी गेल्या. मी म्हटलं, "हिचं बरोबर आहे. त्या पोरीला कोणी गोळी मारलेली नाही, तरी तिला लागण झालीच ना?"

मुलगा म्हणाला, "आई, देवी हव्यात म्हणून कोणी भांडत नव्हतं. तिकडे बंदूक हवी म्हणून माणसं भांडतात."

मी उठून पोरीचं पांघरूण सारखं केलं.

मुलीला सांगितलं, "पोरीला इथे ठेव. मी सांभाळते." ती म्हणाली, "तिचं घर तिथे आहे, आई. माझी नोकरी तिथे आहे. किती दिवस ठेवशील?" मी म्हटलं, मी आहे तोवर. परत जायला तिने माझी परवानगी मागितलीच नव्हती.

निघायच्या दिवशी नात घरभर फिरत होती. पलंगाखाली वाकून बघितलं, कपाट उघडून बघितलं. मग माझा हात धरून म्हणाली, "आजी, कम. तुला खाली बसता येत नाही ना? सो हिअर." वॉशिंग मशीनची छोटी खोली. आतून कडी होती, खिडकी नव्हती.

"इथे कोणी येत नाही गं," मी म्हटलं.

"जस्ट प्रॅक्टिस, आजी."

मी आत उभी राहिले. तिने दार लावलं. अंधारात साबणाचा वास येत होता. बाहेर तिने आईला विचारलं, "अँड यू, मम्मा? तू हॉस्पिटलमध्ये कुठे लपणार?"

मी दाराला कान लावला. फक्त बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.