शेपटी कापलेली मैना

मी नववीपर्यंत शिकलेली, पण फोनमंदी व्हिडिओ पाहू पाहू एक लहानसा गेम बनवला, माह्या पोरीसाठी. मैना उडते अन् झाडावरचे संत्रे वेचते, बस. गेम माहा, मैना मात्र माही नव्हती. अमरावतीचे एक पेंटरभाऊ ट्रकाच्या मागं चित्रं काढतात, त्यायनं फोटो टाकला होता, मले आवडली, मी उचलली. मंग भेव वाटलं म्हणून गेमच त्यायले पाठवला अन् ईचारलं, "भाऊ, तुमची मैना माह्या गेममंदी चालते का?"

त्यायचं उत्तर आलं, "चालते."

मी खुशीत गेम साऱ्यायले पाठवला, त्यायनं पुढं पाठवला. मंग एक दिवस भाऊचा फोन.

"बाई, माही मैना कोणाले ईचारून घेतली?"

"तुमीच तं म्हणलं चालते."

"चालून राहिली होती, म्हणून म्हणलं चालते. घे म्हणलं का?"

मले वाटलं, आता पोलिस येतीन, घरी समजीन, पोरीचे बाबा आधीच म्हणतात फोनमंदी काय उकरत बसतं, ते फोनच हिसकून घेतीन, अन् मले तं तेवढं एकच काम जमते. मावशीकडं जाते म्हणून सांगतलं अन् अकोल्याहून अमरावतीची बस धरली. पोरगी मांडीवर गेम खेळून राहिली, मैना ओरडली का मले वाटे, सारी बस माह्याकडंच पाहून राहिली.

भाऊ दुकानासमोर उभ्या ट्रकावर वाघ रंगवून राहिले होते. मी म्हणलं, "भाऊ, काढून टाकते, पण पोलिसात नका जाऊ."

"पोलिस कायले? हिची शेपटी कुठी हाय?"

शेपटी मीच कापली होती. पडद्यावर मावत नव्हती.

"अवं बाई, हे मैना हाय का कोंबडीचं पिल्लू? ट्रकवाले माहा हात वळखतात. पेंटरचा रंग सरला का, म्हणून चिडवून राहिले मले."

"शेपटी लावते. मंग घेऊ का? पण आता चालते म्हणू नका भाऊ, मले समजत नाही."

ते पोरीकडं पाहत राहिले, तिचं बोट पडद्यावर फिरून राहिलं होतं.

"घे," म्हणाले. "शेपटीसंग घे."

आता शेपटी लावली तं मैना दर झाडाले अडकते, अन् पोरगी रडते. कापू तं शकत नाही. फोन वाजला का अजूनई पहिले मनातल्या मनात शेपटी पाहते, हाय ना, मंगच उचलते.